मन खंबीर झालं, तरी पाय सुजतातच

प्रश्न : ताई, मी हिंदमाताजवळच्या एका साड्यांच्या दुकानात काउंटरवर आहे. राहते डोंबिवलीला. आम्ही तीस-पस्तीस जण कामाला आहोत, त्यात बायका जास्त. सकाळी दहा ते रात्री साडेआठ-नऊ, लग्नसराईत त्याहून उशीर. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, असा शेठचा नियम. बाथरूम एकच, तेही मागे गोडाऊनपाशी, म्हणून आम्ही पाणीच कमी पितो. दिवाळीनंतर शेठनी एक लाइफ कोच बोलावले. दर बुधवारी तासभर सेशन असतं. मला ते आवडायला लागलं होतं. माझा पगार भाऊ परस्पर मागून घ्यायचा, त्याला पहिल्यांदा ‘नाही’ म्हणू शकले ती त्याच सेशनमुळे. पण पाय सुजतात असं सांगितलं, तेव्हा सर म्हणाले, ‘थकवा मनात असतो, तक्रार करायची सवय सोडा.’ माझी मैत्रीण एका संघटनेत आहे. ती म्हणते, हे कोच लोक गरिबाला झोपवायलाच येतात. सेशन सोडू का? की दोष माझ्यातच आहे? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : प्रिय मैत्रिणी, आधी पायांचं बघू. सूज मनात नसते. दहा-अकरा तास एका जागी उभं राहिलं की पायातलं रक्त वर चढायला त्रास होतो, शिरा फुगतात. पाणी तोडल्याने लघवीला जळजळ होत असेल, तर तेही अंगावर काढू नकोस. केईएम तुझ्या दुकानापासून जवळ आहे. दाखवून ये आणि केसपेपर जपून ठेव, पुढे लागेल.

मी स्वतः कोचिंग करते, त्यामुळे तुझ्या मैत्रिणीचं म्हणणं मला पूर्ण पटत नाही. भावापुढे तू बोललीस, ती तुझी कमाई आहे. ती कुणाच्या टीकेने पुसू देऊ नकोस. पण सरांनी दोन वेगळ्या गोष्टी एका तराजूत टाकल्या. भावाला नाही म्हणायला तुला भीती अडवत होती, आणि भीतीवर तू काम करू शकत होतीस. काउंटरमागे बसायला तुला शेठचा नियम अडवतो. तो नियम तू कितीही सकारात्मक झालीस तरी बदलत नाही.

मी लालबागची. आई खाणावळ चालवायची. आमच्या आसपास अशा कितीतरी बायका होत्या, गिरणीतल्या एकट्या पुरुषांना जेवू घालणाऱ्या. सामान उधारीवर, पैसे पगारानंतर. संप झाला की तेही थकायचे आणि सावकाराचं व्याज मात्र चढत जायचं. पहाटे चारला शेगडी पेटवणाऱ्या त्या बायकांना हिंमत शिकवायची गरज नव्हती. त्यांना योग्य व्याजाचं कर्ज हवं होतं. 1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, खाणावळवाल्या बायकांचे गट बांधले आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेची कर्जं मिळवून दिली. पण कर्ज मंजूर झालं म्हणून बाई आपोआप बँकेची पायरी चढत नाही. साहेबाच्या टेबलासमोर उभं राहायचं, सही करायची, ‘मी धंदा करते’ असं तोंडाने म्हणायचं, यासाठी कुणीतरी शेजारी बसून धीर द्यावा लागतो. मी कोचिंग म्हणते ते हे शेजारी बसणं. बँकेने दार उघडलं नसतं तर हा धीर वाया गेला असता. आणि धीर नसता तर उघड्या दारातूनही काही जणी परत फिरल्या असत्या.

‘स्वतःसाठी वेळ काढा’ असंही सर सांगत असतील. सगळेच सांगतात. मुंबईच्या गिरणी कामगारांना तो वेळ कसा मिळाला, हे त्यांना जरूर सांग. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये सभा घेतल्या, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं. त्यात रविवारची सुट्टी होती आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांतीही होती. सुट्टी पदरात पडायला 10 जून 1890 उजाडला.

आता एक प्रश्न, जो तू सरांना थेट विचारायला हवास : ‘आम्ही इथे बोलतो त्यातलं शेठच्या कानावर काय जातं?’ फी मालक भरतो तेव्हा कोचने हे पहिल्याच दिवशी उघड सांगायचं असतं. आंतरराष्ट्रीय कोचिंग महासंघाच्या आचारसंहितेतही ही अपेक्षा आहे. कोचिंगला आपल्याकडे सरकारी परवाना लागत नाही, कुणीही पाटी लावू शकतो. म्हणून शिक्षण कुठे घेतलं, सराव किती केला, हे विचारायला लाजू नकोस. उत्तर सरळ आलं तर बुधवारी बस, पण दुकानाबद्दलचं मन तिथे मोकळं करू नकोस. उत्तर टाळलं तर उठून ये.

मला तुझ्यासाठी खरं काम दुसरंच दिसतं, आणि ते तू एकटीने करायचं नाही. लोकलमधून जाताना, डबा खाताना चार-पाच जणींशी बोल. कुणाचे पाय सुजतात, कुणाला जळजळ होते, कुणाला जादा तासांचे पैसे मिळाले नाहीत, ते वहीत तारखेसह लिही. 2017 च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला 48 तासांची मर्यादा आहे, वरच्या कामाला दुप्पट दर आहे, साप्ताहिक सुट्टी आहे, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृहाची सोय मालकावर बंधनकारक आहे. बसण्याच्या हक्कासाठी कोझिकोडच्या कापड दुकानांतल्या सेल्सगर्ल रस्त्यावर उतरल्या, आणि केरळने 2018 मध्ये कायदा बदलला. 2021 मध्ये तामिळनाडूनेही केला. त्या बायकाही तुझ्यासारख्याच साड्यांच्या घड्या घालत होत्या.

शेठकडे जाताना एकीने जाऊ नका, पाच जणी जा. आधी स्टूल मागा. ते स्वस्तात होण्यासारखं आहे, आणि शेठचा स्वभावही त्यात कळेल. कोण काय बोलणार ते ठरवून घ्या, घरी आरशासमोर दोनदा म्हणून बघा. भावापुढे वापरलेला आवाज इथेही चालेल. नकार आला तर महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात दुकाने व आस्थापना विभाग असतो, तिथे लेखी तक्रार देता येते. त्याआधी मैत्रिणीच्या संघटनेशी बोला, कारण नोकरी जाण्याची भीती खरी आहे आणि एकट्या बाईला काढणं सोपं असतं. तुझ्या पगारावर घर चालत असेल तर किती पुढे जायचं ते तूच ठरव. थांबलीस तरी मी तुला भित्री म्हणणार नाही.

प्रश्न : मी कोचिंगचं प्रशिक्षण घेते आहे. माझ्याकडे येणारी एक इंजिनिअर मुलगी सांगत होती की ऑफिसात जेवताना तिच्या आडनावावरून आणि कॉलेजच्या प्रवेशावरून टोमणे मारतात. मी ‘दुर्लक्ष कर’ म्हटलं. ती पुन्हा आलीच नाही. कोचने जातीच्या विषयात पडावं का? — एक वाचक, मुलुंड

उत्तर : विषय तिने आणला होता, त्यामुळे पडावं की नाही हा प्रश्नच उरत नाही. दुर्लक्ष ती लहानपणापासून करत आली असेल, ते तुझ्याकडून ऐकायला तिने फी भरली नव्हती. तिला एक निरोप पाठव : ‘तू सांगितलंस ते मी नीट ऐकलं नाही. ऐकायचं आहे.’ आली नाही तर मागे लागू नकोस.

आली तर तिला काय हवं ते विचार. नोकरी बदलायची आहे, तोंडावर उत्तर द्यायचं आहे, तक्रार करायची आहे, की नुसतं बोलायचं आहे? कोण, कधी, कुणासमोर, काय बोललं ते तिला लिहून ठेवायला सांग. अनुसूचित जाती-जमातींसाठीचा 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा या प्रसंगाला लागू होतो का, हे वकिलाला विचारायचं, आणि तक्रारीचा निर्णय तिचाच. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, तर ते तुझ्या आवाक्यातलं नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर दे.

आणि तुझ्या वर्गात जात हा विषय शिकवत नसतील तर शिक्षकांना का ते विचार. पैसे भरून शिकते आहेस.