बक्षीस मिळालं, मग हुर्यो का?

प्रश्न : माझा मुलगा १७ वर्षांचा आहे. दिवसभर आउटकास्ट नावाच्या अमेरिकी जोडीचा पहिला अल्बम लावतो आणि स्वतःही रॅप लिहितो, आपल्या बोलीत. गेल्या महिन्यात पुण्यात एका स्पर्धेला गेला, तर त्याचं ‘करायलो, जायलो’ ऐकून पोरं हसली. घरी येऊन म्हणाला, ‘आउटकास्टची पण बक्षीस घेताना हुर्यो उडवली होती.’ अल्बम इतका वाईट होता तर बक्षीस कसं मिळालं? आणि मुलाला भाषा सुधार म्हणून सांगू का?
– एक आई, नांदेड

उत्तर : ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नका सांगू.

आता अल्बमचं. आउटकास्ट म्हणजे आंद्रे बेंजामिन आणि अँटवॉन पॅटन ऊर्फ बिग बॉय. दोघंही अमेरिकेच्या दक्षिणेतल्या जॉर्जिया राज्यात, अटलांटाजवळच्या ईस्ट पॉइंटमधल्या ट्राय-सिटीज हायस्कूलचे. २६ एप्रिल १९९४ला अल्बम आला तेव्हा बिग बॉय १९ वर्षांचा होता, आंद्रेला १९ पूर्ण व्हायला महिना बाकी होता. नाव एका दमात वाचता येत नाही : ‘सदर्नप्लेयालिस्टिकॅडिलॅकम्युझिक’. दक्षिण, प्लेयर, कॅडिलॅक गाडी आणि संगीत, असं तोडून वाचा. पहिला शब्दच दक्षिण.

ही गाणी घडली ती जागा मला फार आवडते. रिको वेड, रे मरे आणि स्लीपी ब्राउन या ‘ऑर्गनाइज्ड नॉइज’ त्रिकुटाने संगीत केलं, आणि सगळ्यांचा अड्डा होता रिकोच्या आईच्या घराखालचं तळघर. खाली फरशी नाही, जॉर्जियाची लाल माती. पोरं जिन्यावर बसून वह्यांत ओळी लिहायची. त्या काळी न्यूयॉर्कचे निर्माते जुन्या तबकड्यांतले तुकडे उचलून ठेका बांधत. यांनी बास, गिटार, ऑर्गन माणसांकडून वाजवून घेतले. शेजारच्या खोलीत कुणीतरी वाजवतंय असं वाटतं. मध्येच एक विमानातली घोषणा येते : अटलांटात स्वागत, खाली जॉर्जिया डोम हे स्टेडियम दिसतंय, आणि तिथे अजून गुलामीच्या बाजूने लढलेल्यांचा झेंडा फडकतोय. जॉर्जिया राज्याच्या ध्वजावर ती खूण २००१पर्यंत ठळक होती. एवढ्याशा घोषणेत त्यांनी आपलं गाव दाखवलं, त्याचं दुखणंही दाखवलं.

स्वागत म्हणाल तर उत्तम झालं. ‘प्लेयर्स बॉल’ हे गाणं मुळात त्यांच्या कंपनीच्या १९९३च्या ख्रिसमस संग्रहासाठी केलेलं. गाण्यांच्या खपाच्या याद्या छापणाऱ्या अमेरिकी ‘बिलबोर्ड’ मासिकाच्या रॅप यादीत ते सहा आठवडे पहिलं राहिलं. अल्बम मुख्य यादीत विसावा आला आणि वर्षभरात दहा लाख प्रतींचा प्लॅटिनम मान मिळाला. न्यूयॉर्कच्या ‘द सोर्स’ या रॅपच्या मासिकाने पाचपैकी साडेचार माइक दिले, म्हणजे ताऱ्यांसारखे गुण.

मग ३ ऑगस्ट १९९५. याच मासिकाचा पुरस्कार सोहळा, न्यूयॉर्कमध्येच. न्यूयॉर्कचा पूर्व किनारा विरुद्ध कॅलिफोर्नियाचा पश्चिम किनारा हे रॅपवाल्यांचं भांडण तेव्हा पेटलेलं, सभागृह आधीच तापलेलं. नव्या गटाचं बक्षीस आउटकास्टला जाहीर झालं आणि हुर्यो सुरू झाली. म्हणजे ज्या शहरातल्या समीक्षकाने अल्बम ऐकून साडेचार माइक दिले, त्याच शहरातल्या गर्दीने गाव ऐकून तोंड वाकडं केलं. गाण्यांवर तिथे कुणी बोलतच नव्हतं. आंद्रे माइकवर आला, लोकांची मनं बंद आहेत म्हणाला आणि शेवटी एवढंच : दक्षिणेला काहीतरी सांगायचंय.

त्या हसण्याची मला ओळख आहे, ताई. मी परभणीची. अकरावीला पुण्यात आले, वर्गात ‘मी तेच सांगायले’ म्हणाले आणि दोन बाक हसले. त्यानंतर दोन वर्षं मी दुसऱ्याच कुणासारखी बोलले. फोनवर आई विचारायची, ‘अशी काहून बोलायलीस?’ हा अल्बम पुढे हॉस्टेलवर एका मैत्रिणीच्या कॅसेटवर ऐकला. निम्मे शब्द कळले नाहीत. पण ही पोरं आपले शब्द कुणासाठी सरळ करत नाहीयेत, हे पहिल्या गाण्यात कळलं आणि मला रडू आलं. आउटकास्टने पुढेही बदल केले, पण ते स्वतःच्या मनाचे. आंद्रेचं ते भाषण तर त्यांनी १९९८च्या तिसऱ्या अल्बमच्या शेवटच्या गाण्यात वापरलं.

मुलाला सुधारायचं असेल ते वेगळं असू शकतं : श्वास कुठे घ्यायचा, यमकासाठी ओळ ओढलीय का, नांदेड नुसतं उच्चारात आहे की डोळ्यांसमोरही येतं. त्यावर त्याला जरूर टोका.

आणि एक करा. ‘गिट अप, गिट आउट’ हे गाणं त्याच्याबरोबर बसून ऐका. सात मिनिटांहून मोठं आहे. उठ, दिवस वाया घालवू नकोस, असं सांगणारं. शिव्या येतील, गांजाही येईल, तेवढं धरून चला. शब्द त्याच्याकडून समजून घ्या. मग पुण्यात म्हटलेलं त्याचं कडवं मला पाठवा, जसं तो म्हणतो तसंच लिहून.