"नुसती एमबीबीएस" ऐकून ऐकून थकलेल्या डॉक्टरीणबाईंना

अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं. चार वर्षं सातपुड्यातल्या पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, एमओ (मेडिकल ऑफिसर) आहेस, बॅचमेट रेडिओलॉजी, स्किन करून शहरात सेटल झालेत, सासूबाई पाहुण्यांसमोर "आमची सून नुसती एमबीबीएस" म्हणतात, आणि तालुक्यातल्या एका प्रायव्हेट हॉस्पिटलने बिलासाठी बॉडी अडवली तेव्हा तू मध्ये पडलीस म्हणून नवराही चिडलाय. मी वाया चाललेय का, असं विचारतेस.

नाही गं. अजिबात नाही.

सासूबाईंवर तू दीड पान लिहिलंयस आणि गावातल्या त्या आशाताईवर, म्हणजे आशा कार्यकर्तीवर, एकच ओळ! रात्री अकराला तिचा फोन आला, "मॅडम, बाळाचे श्वास ६८ भरले, दूध पण ओढत नाहीये", आणि तू गाडी पाठवलीस. नवजात बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त म्हणजे धोका, ते बाळ शांत असताना पोटाकडे बघत पूर्ण मिनिटभर मोजायचे, हे तिच्याकडून कुणी घोटून घेतलं? तूच ना? गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी हेच तर केलं, ३९ गावांतल्या बायकांना नवजात बाळं सांभाळायला शिकवलं, आणि तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू बाकीच्या गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आज देशभर आशा बाळंतिणीच्या घरी जातात ते त्यातूनच आलंय. शिकवायला मेडिकल कॉलेजच लागतं असं कुणी सांगितलं?

एक मात्र स्वतःला विचार, पीजी, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण, नको म्हणतेस ते मनापासून की परीक्षेच्या धास्तीने. फॅमिली मेडिसिनमध्ये डीएनबी ही पदव्युत्तर पदवी आहे, एमबीबीएसनंतर ३ वर्षं, तुझ्याच कामाला बळ देईल. कर, पण स्वतःसाठी कर, पाहुण्यांसाठी नको.

बॉडीच्या बाबतीत तू बरोबरच होतीस. २०२१च्या नियमांनी महाराष्ट्रात हॉस्पिटलला रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते, आणि बिलासाठी मृतदेह अडवता येत नाही. पण नवऱ्याची भीतीही खोटी नाही, तुम्हाला तिथेच राहायचंय, म्हणून पुढच्या वेळी एकटी काउंटरवर भांडू नकोस, आधी वरिष्ठांना फोन कर, नातेवाइकांना लेखी तक्रार द्यायला लाव, लिहिता येत नसेल तर तू लिहून दे आणि वाचून दाखव.

आणि त्या बाळाचं वजन आता किती झालं ते कळव.