वाचकांचे प्रश्न : ‘विंड ऑफ चेंज’चे मूळ शब्द आणि बदललेले शब्द

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाचा संघ यंदा युवक महोत्सवातील पाश्चात्त्य समूहगानासाठी स्कॉर्पियन्स या जर्मन बँडचे ‘विंड ऑफ चेंज’ हे गाणे बसवत आहे. हे गाणे बर्लिनची भिंत पडल्यावर लिहिले गेले, असे आम्हांला सांगण्यात आले. त्याची अनेक ध्वनिमुद्रणे ऐकायला मिळतात आणि अलीकडच्या कार्यक्रमांत तर सुरुवातीचे शब्दच निराळे आहेत. गाण्याचा अर्थ नेमका काय आणि आम्ही कोणते शब्द गावेत?
— एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : भिंतीविषयीचा समज जगभर आहे, पण तो बरोबर नाही. हे गाणे मॉस्कोचे आहे. १२ आणि १३ ऑगस्ट १९८९ रोजी तेथील लेनिन स्टेडियमवर मोठा रॉक महोत्सव झाला आणि बॉन जोवी, ऑझी ऑस्बर्न यांच्याबरोबर स्कॉर्पियन्सही तेथे गायले. त्या मुक्कामात एका संध्याकाळी निरनिराळ्या देशांचे वादक, पत्रकार आणि सोव्हिएत सैनिक एकाच नावेतून मॉस्क्वा नदीवरून गॉर्की पार्ककडे गेले. गायक क्लाउस माइने यांनी घरी परतल्यावर शब्द आणि चाल दोन्ही रचली, त्यामुळे पहिल्याच ओळीत ती नदी आणि ती बाग आली आहे. भिंत ९ नोव्हेंबरला पडली, तेव्हा गाणे लिहून झालेले होते. ‘क्रेझी वर्ल्ड’ हा अल्बम मात्र १९९० च्या नोव्हेंबरात, म्हणजे दोन्ही जर्मनी एक झाल्यानंतर आला, आणि चित्रफितीत भिंतीची दृश्येही घातली गेली. म्हणून लोकांनी गाण्याचा संबंध तिच्याशी जोडला, यात नवल नाही.

अर्थ समजून घ्यायचा तर आणखी एक वर्ष मागे जावे लागते. १९८८ मध्ये या बँडने लेनिनग्राडमध्ये दहा कार्यक्रम केले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने याच शहराला जवळपास नऊशे दिवस वेढा घालून लाखो माणसांना उपाशी मारले होते. आमचे वडील रणगाडे घेऊन आले होते, आम्ही गिटार घेऊन आलो आहोत, अशा आशयाचे उद्गार बँडच्या सदस्यांनी पुढे अनेकदा काढले. गाण्यात गिटारच्या जोडीला बालालाइका हे रशियन तंतुवाद्य येते ते या पार्श्वभूमीवर ऐकावी, म्हणजे ते केवळ सजावट वाटणार नाही. गाण्यात कोणाच्या विजयाचा जल्लोष नाही. काल शत्रू असलेली माणसे भावांसारखी जवळ येऊ शकतील का, हे विचारण्याचे धाडस त्यात आहे, आणि मला त्याचे मोल अधिक वाटते.

नंतरच्या ध्वनिमुद्रणांपैकी बहुतेकांनी गाण्याचा पोशाख तेवढा बदलला. रशियन आणि स्पॅनिश आवृत्त्या मूळ गाण्यापाठोपाठ आल्या. २००० मध्ये बर्लिन फिलहार्मोनिक या वाद्यवृंदासोबत ते पुन्हा ध्वनिमुद्रित झाले. तो भव्य आवाज ऐकायला छान आहे, पण मूळ सुरातला संकोच त्यात हरवतो. २००१ च्या ‘अकूस्टिका’ या अल्बममध्ये आणि २०१३ मध्ये अथेन्स येथे झालेल्या अनप्लग्ड, म्हणजे विजेच्या वाद्यांऐवजी साध्या वाद्यांवरच्या, मैफलीत वाद्यमेळ साधा आहे. अथेन्सला नॉर्वेचे गायक मॉर्टन हार्केट सोबतीला होते. २०११ च्या ‘कमब्लॅक’ या अल्बममध्ये बँडने आपली जुनी गाजलेली गाणी नव्या तंत्राने पुन्हा मुद्रित केली, त्यांत हेही आहे.

खरा बदल २०२२ मधला आहे. रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर मॉस्कोची ती ओळ पूर्वीसारखी गाणे माइने यांना योग्य वाटेना. त्यांनी नदी आणि बाग काढून तेथे युक्रेनचे नाव घेतले आणि वारा फिरण्याची वाट पाहत असल्याचे शब्द घातले. चाल तीच, गाण्याच्या सुरुवातीची शीळही तीच. आपल्याकडे शाहीर आणि भीमगीते गाणारे गायक समोरचा प्रसंग पाहून कडवे बदलतात, त्यामुळे मराठवाड्यातील श्रोत्यांना हे अनोळखी वाटू नये. माझ्या मते माइने यांनी उचललेले पाऊल रास्त होते, कारण ज्या सदिच्छेवर गाणे उभे होते तीच त्या युद्धाने पायदळी तुडवली. तरीही मूळ शब्द त्यामुळे खोटे ठरत नाहीत. १९८९ च्या उन्हाळ्यात ती आशा मॉस्कोतही खरोखर होती.

तुम्ही दोन्हींची सरमिसळ करू नका. मूळ शब्द गाणार असाल तर निवेदनात १९८९ चा उल्लेख आवर्जून करा, आणि नवे शब्द गाणार असाल तर ते कधी व का आले हे एका वाक्यात सांगा. सरावासाठी ‘अकूस्टिका’ किंवा अथेन्सची मैफल ऐका, कारण मोजक्या वाद्यांत सूर कसे सांभाळायचे हे तेथे स्पष्ट कळते. शीळ मात्र वाद्यावर वाजवू नका, तोंडानेच घाला. तिच्यामुळे गाणे रस्त्याने चालणाऱ्या एकट्या माणसाचे होते.

प्रश्न : हे गाणे अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेने लिहून घेतले, हे खरे आहे का?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : पॅट्रिक रॅडन कीफ या अमेरिकी पत्रकाराने २०२० मध्ये एका पॉडकास्ट मालिकेतून या अफवेचा माग काढला. मालिकेच्या शेवटी त्यांनी स्वतः माइने यांनाच विचारले आणि माइने यांनी ते साफ नाकारले. अफवेला दुजोरा देणारा पुरावा कीफ यांच्याही हाती लागला नाही.