‘सून मला उपाशी ठेवते’

स्मृतिभ्रंश झालेल्या सासू-सासऱ्यांची काळजी घेणाऱ्या सुना माझ्याकडे येतात, तेव्हा विसरण्याविषयी त्या फारसे बोलत नाहीत. “मी एवढे करते आणि सासूबाई शेजारीपाजारी सांगतात की सून उपाशी ठेवते, पाटल्याही तिनेच घेतल्या. लोक काय म्हणत असतील?” हीच चिंता त्यांना पोखरत असते.

अशाच एका ताईंची हकिगत, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून, सांगते. त्यांच्या सासूबाईंना अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या आजाराचे निदान झाले होते. जेवून हात धुतल्यावर थोड्याच वेळात त्या गॅलरीतून समोरच्या काकूंना हाक मारत आणि सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही म्हणून रडत. नणंदेशी फोनवर त्या इतक्या व्यवस्थित बोलत की तिने आईवर विश्वास ठेवला आणि भावाशी बोलणे टाकले.

संशय हे या आजाराचे जुने लक्षण आहे. ज्यांच्यावरून या आजाराला नाव मिळाले त्या डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी १९०१ साली जर्मनीतील फ्रँकफर्टमध्ये तपासलेल्या आउगुस्टे डेटर या रुग्ण बाईंच्या आजाराची सुरुवातच नवऱ्यावरील संशयाने झाली होती, आणि त्या घरातल्या वस्तूही लपवून ठेवत. आजार तोच असला, तरी आळ कोणावर येतो आणि घरच्यांना त्यातले काय सर्वांत जास्त झोंबते, हे ज्या त्या समाजातील नात्यांवर ठरते. जपानमध्येही सासूची सेवा करणाऱ्या सुनेवर चोरीचा आळ येणे परिचित आहे. आपल्याकडे त्यात लोकापवादाची भर पडते. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांच्या २००१ साली प्रसिद्ध झालेल्या गोव्यातील अभ्यासात दिसले की लोकांना ही लक्षणे ओळखीची होती, पण ती आजाराची न मानता म्हातारपणाची किंवा मुलांनी केलेल्या हेळसांडीची मानली जात. म्हणजे आजारी माणसाचा आरोप ऐकणाऱ्याला आधीच खरा वाटत असतो. सुनेवरचा हा अन्याय मला फार मोठा वाटतो.

या ताईंना मी सुचवले की “आत्ताच तर जेवलात” असा वाद घालू नये, देवाची शपथ तर मुळीच घेऊ नये, कारण जेवल्याची आठवण मनात उमटलेलीच नसते. त्याऐवजी खरकटे ताट थोडा वेळ समोर राहू द्यावे, जेवण विभागून वाढावे आणि मागितल्यावर मूठभर लाह्या किंवा केळे द्यावे. पाटल्या हरवल्या की सोबत शोधाव्यात. त्या बहुधा उशीच्या अभ्र्यात किंवा धान्याच्या डब्यात सापडतात. समोरच्या काकूंना आजाराचे निदान मुलाने स्वतः जाऊन सांगितले, हे महत्त्वाचे, कारण सुनेने सांगितले असते तर ती सारवासारव वाटली असती.

नणंदेला मात्र आईजवळ काही दिवस एकटीने राहण्याची विनंती केली. आठवडा संपण्यापूर्वी आई काकूंना सांगू लागली की लेक जेवायला देत नाही. त्यानंतर नणंद महिन्यातले काही दिवस आईकडे राहू लागली आणि भावाशी तिचे बोलणे पुन्हा सुरू झाले.

असा संशय एक-दोन दिवसांत अचानक वाढला, सोबत गुंगी किंवा ताप असला, तर तो सवयीचा समजू नये. लघवीच्या मार्गातील संसर्ग, बद्धकोष्ठता किंवा नवे औषध यांमुळेही असे होते, आणि त्यासाठी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.