आई गेम खेळते, यात काळजी कशाची?

"मॅडम, आई सत्तरीची झाली आणि सारखी मोबाईलवर गेम खेळते. व्यसनच लागलंय तिला." मुलगा ठामपणे सांगत होता. काकू शेजारी गप्प बसल्या होत्या. अशी तक्रार घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येणारी मुलं हल्ली वाढली आहेत. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर', म्हणजे गेमचं व्यसन, आहे; ही यादी २०२२ पासून लागू झाली. पण त्यात तासांचा आकडा नाही. खेळण्यावर ताबा न राहणं, इतर सगळं मागे पडणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं आणि हे साधारण वर्षभर चालणं, असे निकष आहेत. म्हणून किती वेळ खेळता, यापेक्षा खेळापायी काय सुटलं हे मी आधी विचारते.

"भजनी मंडळ सोडलं ना तिने!" मुलगा म्हणाला.

काकू तडकल्या. "गेममुळे नाही सोडलं. तीन मजले चढ-उतर, लिफ्ट नाही, गुडघे बोलतात माझे. तुला दिवाळीतच सांगितलं होतं."

मुलाला ते आठवेना. कारण कुठलं आणि परिणाम कुठला, याची घरात अशी उलटापालट फार होते.

रात्रीचा लुडो असायचा इंदूरच्या धाकट्या बहिणीबरोबर. डाव नावाला, गप्पाच जास्त. त्यात मला काही खटकलं नाही. फक्त झोपेसाठी साडेदहाला आवरायचं ठरलं. दुपारचा कँडी क्रश मात्र एकटीचा. त्यात पाच 'लाइफ', म्हणजे खेळायच्या संधी, संपल्या की एकेक परत यायला अर्धा तास लागतो, आणि घाई असेल तर पैसे मोजायची सोय तयारच. काकूंनी ते मोजले होते आणि घरी सांगितलं नव्हतं. रक्कम किरकोळ होती, पण लपवाछपवी मला रकमेपेक्षा मोठी वाटते. मग खरेदीला पासवर्ड लागला आणि महिन्याची मर्यादा काकूंनी स्वतः ठरवली. मुलाने आईचा फोन तपासायचा नाही, हेही ठरलं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. 'लुडो खेळा, पैसे जिंका' अशी लिंक आली तर उघडायचीच नाही, हे मी दोघांनाही बजावलं.

"निदान मेंदूला तरी चांगलं असतं ना?" जाताना मुलाने विचारलं. २०१३ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात ६० ते ८५ वयाच्या लोकांची एकाच वेळी दोन कामं सांभाळण्याची क्षमता गेमच्या सरावाने सुधारली होती. पण तो गेम त्यासाठीच मुद्दाम बनवलेला होता. कँडी क्रशला हे श्रेय देता येणार नाही. काकूंना त्याचं काहीच वाटलं नाही. "मला मजा येते," त्या म्हणाल्या.

गुडघ्यांसाठी अस्थिरोगतज्ज्ञांकडे जाणं सुरू झालंय. मंडळाचं भजन कधीतरी आपल्या घरी ठेवावं असं काकूंच्या मनात आहे. पण निम्म्या जणींचे गुडघे तसेच, त्यामुळे अजून काही ठरलेलं नाही.