इंग्लंडमधल्या हौशी नाट्यगटाने मला पँटोमाइममध्ये खलनायकाचं काम दिलं आहे. मी महाराष्ट्रात एकांकिका केल्या आहेत, पण पँटो कधी पाहिलेला नाही. परीकथेवरची, गाणी-विनोदांची आणि प्रेक्षकांनी ओरडून भाग घ्यायची मुलांसाठीची धमाल असते असं ऐकलंय, मग अभिनय थोडा वरवरचा केला तर चालेल का?

नाही, चालणार नाही. एकांकिकेत तुम्ही भूमिका जेवढी खरी धरून उभे राहिलात, त्याहून इथे जास्त खरी धरावी लागेल. मी इथल्या एका हौशी गटात बरीच वर्षं पडेल ते काम करत आलोय, आणि पँटो पडताना पाहिलाय तो बहुतेक वेळा याच एका कारणाने: मोठ्यांनी ठरवलेलं असतं की हे सगळं खोटं खोटं आहे.

तुम्ही लिहिलंय की नाटक 'जॅक अँड द बीनस्टॉक' आहे (गरीब जॅक गाय देऊन जादूच्या बिया आणतो आणि त्यांच्या आभाळापर्यंत गेलेल्या वेलावरून राक्षसाच्या घरी पोचतो) आणि तुम्ही राक्षसाचे हस्तक आहात. म्हणजे पूर्ण संध्याकाळभर भीतीची जबाबदारी तुमच्यावर. राक्षस येणार शेवटी शेवटी, तोही अनेकदा नुसता आवाज किंवा मोठे बूट. पहिल्या रांगेतली सहा वर्षांची मुलगी जॅकला सावध करायला ओरडेल, पण तुम्ही त्याचं वाईट करणार याची तिला खात्री पटली तरच. तुम्ही तिच्या डोक्यावरून आईवडिलांना डोळा मारलात की ती गप्प बसते, आणि निम्मी संहिता तर तिच्या त्या ओरडण्यावर उभी असते.

या ओरडण्याची तालीम करा, हे मी सगळ्यांना सांगतो आणि फार थोडे गट करतात. रिकाम्या हॉलमध्ये तुमचं स्वगत झरझर निघून जातं. पहिल्या प्रयोगाला त्याच स्वगतात दर दोन ओळींनी प्रेक्षकांतून खलनायकाला हिणवणारं 'बू' येतं आणि नट गडबडून त्याच्यावरून बोलत सुटतो. कुणाला काही ऐकू जात नाही. म्हणून तालमीत काम नसलेल्यांना समोर बसवा आणि मनसोक्त ओरडायला सांगा. बू पूर्ण थांबायची वाट पाहू नका, ते निम्म्यावर आलं की पुढची ओळ टाका. 'ओ नो यू वोंट, ओ येस आय विल' ही प्रेक्षकांशी होणारी जुगलबंदी तीनदा पुरे, चौथ्यांदा हवा जाते. मधेच एखादं मूल भलतंच काही ओरडतं, जॅक कुठे लपलाय तेही सांगून टाकतं. त्याला ऐकू न आल्यासारखं करू नका. दोन शब्दांत, भूमिकेत राहून उत्तर द्या आणि संहितेवर परत या.

परंपरेने खलनायक नटाच्या डाव्या हाताच्या विंगेतून येतो आणि भली परी उजवीकडून. मध्ययुगीन धार्मिक नाटकांत स्वर्ग उजवीकडे आणि नरक डावीकडे असायचा, त्यातून हे आलं असं मानतात. दोघंही बहुधा यमकात बोलतात. यमक गाऊन दाखवू नका, अर्थाने बोला, फक्त शेवटचा शब्द मागच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचू द्या. शरीराकडेही लक्ष द्या. 1843 पर्यंत लंडनमध्ये संवादी नाटक करायची मुभा मोजक्याच परवानाधारक नाट्यगृहांना होती, बाकीच्यांना हालचाल आणि संगीतावर निभावून न्यावं लागे. पँटोचा सांगाडा त्या काळातला आहे. जोसेफ ग्रिमाल्डी या विदूषकाने 1806 मध्ये कॉव्हेंट गार्डनला 'मदर गूज' गाजवलं तेही मुख्यतः अंगाच्या बळावर. तुमचा झगा, चाल, मान वळवणं एवढ्यावरून तुम्ही कोण ते कळलं पाहिजे.

आता 'डेम'. जॅकची आई म्हणून एक पुरुष येईल. गवळणीतली मावशी डोळ्यांसमोर आणा: तो पुरुष आहे हे सगळ्यांना माहीत असतं आणि ते कुणी लपवतही नाही. डॅन लेनोने 1888 पासून ड्रूरी लेनच्या पँटोंमध्ये ही भूमिका अशी काही उभी केली की पुढच्यांना त्याच्याच वाटेने जावं लागलं. डेमला प्रेक्षकांचं प्रेम मिळतं, तुम्हाला द्वेष, आणि ही वाटणी मोडायची नाही. तिच्या विनोदासमोर तुम्ही अजिबात हसायचं नाही. तुम्ही जितके गंभीर, तितका तिचा हशा मोठा. हशा चोरणारा खलनायक गटाला दोन्हीकडून बुडवतो. जॅकचं काम कदाचित एखादी मुलगी करेल, तीही जुनी प्रथा आहे.

आणि गाय. एका कातड्यात दोन माणसं, मागचा पूर्ण वेळ वाकलेला, त्याला काही दिसत नाही. पायऱ्यांवर कुणीतरी हात धरायला लागतो, ते काम मागून घ्या. पण खरं सांगायचंय ते गाय विकण्याच्या प्रवेशाबद्दल. आईपाशी पैसे नाहीत, जॅक गायीला बाजारात नेतो, आणि एवढ्या दंग्यात पहिल्यांदा हॉल शांत होतो. मोठ्या माणसांना वाटतं की गाय खोटी, तिचे डोळे कापडाचे, यात काय रडायचं. मुलं रडतात. या प्रवेशात तुम्ही रंगमंचावर असाल तर हलू नका, झगासुद्धा सावरू नका. दिग्दर्शक इथे विनोद घालू पाहत असेल तर नम्रपणे विरोध करा. हा प्रवेश लागला नाही तर पुढे वेल वर गेल्याचा आनंदही अर्धाच राहतो, कारण जॅकने काय गमावलं ते कुणाला जाणवलेलंच नसतं.

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात. मुलांच्या ड्रेसिंग रूममध्ये जाऊ नका, निरोपही द्यायला नको. त्यांच्यासोबत शॅपरोन, म्हणजे मुलांवर देखरेख करणारी परवानाधारक व्यक्ती असते, एका शॅपरोनकडे जास्तीत जास्त 12 मुलं, आणि स्थानिक कौन्सिलची माणसं तपासायला येऊ शकतात. शेवटाकडे पुढच्या पडद्यासमोर प्रेक्षकांकडून गाणं म्हणवून घेतात. तेवढ्यात मागे शेवटच्या प्रवेशाचं नेपथ्य लागत असतं, त्यामुळे विंगेत गर्दी करू नका. नाटकाच्या अगदी शेवटच्या दोन ओळी तालमीत म्हणायच्या नाहीत, त्या पहिल्या प्रयोगालाच, अशी जुनी समजूत आहे. तुमचा गट ती पाळत असेल तर तुम्हीही मनापासून पाळा. नमस्काराला पुढे आलात की पुन्हा बू होईल. ती तुमची टाळी आहे, भूमिका न सोडता घ्या.

हौशी गटांचे प्रयोग बरेचदा जानेवारी-फेब्रुवारीत असतात आणि व्यावसायिक पँटो डिसेंबरात, त्यामुळे बघायला वेळ आहे. दुपारच्या खेळाचं तिकीट काढा, शक्यतो कडेची खुर्ची घ्या आणि खलनायक आला की रंगमंचाकडे कमी, मुलांच्या चेहऱ्यांकडे जास्त बघा.