कोडिंग म्हटलं की पोटात गोळा येतो, बीसीए करू काय?

प्रश्न: काका, मी खानापूर तालुक्यातली. सेकंड पीयूसीला (म्हणजे बारावीला) कॉमर्स आहे, दहावीपर्यंत मराठी मिडियम. घरचे म्हणतात बीकॉम कर, मैत्रिणी सगळ्या बीसीएला चालल्यात. मला कॉम्प्युटर आवडतो पण कोडिंगची भीती वाटते, इंग्लिश पण कच्चं. आणि बीसीए केलं की बेंगळूरलाच जायला लागतं म्हणतात ते खरं काय?

उत्तर: आधी खरं सांगतो, बीसीएत कोडिंग चुकत नाही. सी, डेटा स्ट्रक्चर, पुढं जावा नाहीतर पायथन हे येणारच. पण कॉम्प्युटरच्या शिक्षणाला दोन वाटा असतात बघ. एक, मशीन आतून कसं चालतं ती. दुसरी, माणसांचं काम मशीनवर कसं बसवायचं ती, बाहेरच्या देशात त्याला कॉम्प्युटर इन्फर्मेशन सिस्टिम्स म्हणून वेगळी डिग्रीच असते. आपल्याकडं तोच माल बीसीए, एमसीए असा वाटला गेलाय. तुझ्यासारख्या कॉमर्सवालीला दुसरी वाट जास्त जमते असं माझं मत, कारण लेजर, डेबिट-क्रेडिट, जीएसटी तुला माहीत असतं आणि सायन्सच्या पोरांना ते शिकवता शिकवता कंपनीच्या नाकी नऊ येतात.

माझीच फजिती सांगतो. नवीन होतो, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीला, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्याला, स्टॉकचा प्रोग्राम करून दिला. किती लोखंड वितळलं, किती कास्टिंग झाली, वजाबाकी केली की झालं, असं मला वाटलेलं. पहिल्याच महिन्यात हिशेबात टनावारी माल गायब! मालक माझ्याकडं बघतोय, मी स्क्रीनकडं. शेवटी स्टोअरचा म्हातारा हसत म्हणाला, अरे रनर-रायझर कापून परत भट्टीत जातंय की, ते कुठं धरलंस? साच्यात धातू ओतताना वाटेत जो जादा राहतो तो तोडून पुन्हा वितळवतात, हे मला ठाऊकच नव्हतं. कोड बरोबर होता, विचारायचं तेवढं राहिलं होतं. हे विचारायचं काम म्हणजेच सिस्टम अ‍ॅनालिसिस, आणि ते करणाऱ्याला बिझनेस अ‍ॅनालिस्ट म्हणतात. पहिल्या दिवशी ती खुर्ची मिळत नाही हां, सुरुवात टेस्टिंग, सपोर्ट नाहीतर ईआरपीच्या, म्हणजे कंपनीचा सगळा कारभार एकत्र ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, डेटा एन्ट्रीपासूनच होते.

आता एक कर. गावातल्या दूध डेअरीची वही बघ, सभासद, सकाळ-संध्याकाळचं लिटर, फॅट, दर. एकाच माणसाचं नाव तीन तऱ्हेनं लिहिलेलं सापडेल, म्हणून तर सभासद नंबर लागतो, डेटाबेसमधली प्रायमरी की म्हणतात ती हीच. सभासदांचं टेबल वेगळं, रोजच्या दुधाचं वेगळं, दोघांना जोडणारा नंबर. माहिती अशी टेबलात मांडायची ही कल्पना एडगर कॉड यांनी 1970 साली मांडली आणि अजून बँका त्याच्यावरच चालतात. कागदावर जमलं की मायएसक्यूएल हे फुकटचं डेटाबेस सॉफ्टवेअर टाकून महिन्याचं बिल काढून बघ. ते करताना मजा आली तर बिनधास्त बीसीए घे, कंटाळा आला तर बीकॉम कर नि जोडीला टॅली नीट शीक, त्यात कमीपणा काही नाही.

इंग्लिशचं म्हणशील तर पहिलं सेमिस्टर जड जातं, मग सुधारतं. उलट तुझी मराठी, कन्नड, हिंदी हीच कमाई आहे. स्टोअरवाला कन्नडमधून बोलतो, मालक मराठीतून, ऑडिटर इंग्लिशमधून, आणि मधे बसणारं माणूस सगळ्यांना हवं असतं. बेंगळूर पाचशे किलोमीटर, पुणं त्याहून जवळ, आणि बेळगावात पण पतसंस्था, साखर कारखाने, दवाखाने यांचं सॉफ्टवेअर सांभाळायची कामं असतात, पगार कमी पण घरचं जेवण. एक-दोन वर्षं इथं काढून बाहेर पडलेली पोरं मी पाहिलीत.

प्रश्न: सर, मुलगा निपाणीत सायन्सला आहे. कॉम्प्युटर सायन्स नाही मिळालं तर इन्फर्मेशन सायन्स घ्यावं का? आणि कोल्हापूर-पुण्याकडं प्रयत्न करावा का?

उत्तर: बिनधास्त घ्या. व्हीटीयूत, म्हणजे आपल्या कर्नाटकातल्या इंजिनिअरिंगच्या विद्यापीठात, दोन्हींचे डेटाबेस, नेटवर्क, ऑपरेटिंग सिस्टिम असे बरेचसे विषय सारखेच आहेत, कॅम्पसला कंपन्या सहसा दोन्हींना एकत्रच बसवतात. नावावरून भांडण्यापेक्षा कॉलेजची लॅब बघा आणि सीनियर पोरांना गाठून विचारा. कॉलेज ऑटोनॉमस आहे का तेही बघा, कारण मग पेपर कॉलेजच काढतं.

महाराष्ट्राकडं जायचं असेल तर त्यानं एमएचटी-सीईटी द्यायला पाहिजे, आपली केसीईटी, म्हणजे कर्नाटकची प्रवेश परीक्षा, तिकडं चालत नाही. आणखी एक फरक, इकडं रँकमध्ये निम्मं वजन पीयूसीच्या मार्कांना, निम्मं सीईटीला, तिकडं सीईटीच्या पर्सेंटाइलवर खेळ. आणि हे बऱ्याच पालकांना माहीत नसतं, वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी तिकडच्या इंजिनिअरिंग प्रवेशात टाइप ई म्हणून वेगळा प्रकार आहे, बारावी सीमाभागात झाली तरी चालते. गाव सीमाभागात असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा असे दोन दाखले लागतात, ते रिझल्टची वाट न बघता आत्ताच काढायला घ्या, जूनमध्ये ऑफिसात उभं राहायला जागा नसते.